दुसरा डोळा

तो दिवस सुरू झाला तो आईच्या टोमण्यानं, म्हणजे रोजच्यासारखाच.

"बाईसाहेब, बस तुमच्यासाठी थांबायची नाही. तिला तुमच्यासारखं 'बघू' म्हणता येत नाही."

ती एका हातानं केस सावरत, दुसऱ्या हातात चहाचा कप धरून उभी होती. आई खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसली होती. शिवणकाम सोडलंय असं आई सगळ्यांना सांगायची आणि सगळ्यांची कामं घ्यायची. सध्या शेजारच्या काकूंचा पडदा चालला होता.

"हा की हा?" आईनं दोन रिळं उजेडात धरली.

"डावं. उजव्यात पिवळा आहे."

"बघ! दोऱ्याचं विचारलं की कसं फटकन तोंड उघडतं," आई म्हणाली आणि डावं रीळ मशीनवर चढवलं. "तिकडे बाईंना सांगायला मात्र जीभ टाळ्याला चिकटते. आज सांगणार आहेस ना?"

"बघू."

"चालती हो."

ती हसली आणि चालती झाली.

ती रंगाच्या कारखान्यात कामाला होती. या कारखान्यात ती नवीनच होती. त्याआधी बरीच वर्षं तिनं छपाईच्या शाईत काढली होती, तिथंही काम हेच, रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक एक पत्र्याची पट्टी पाठवायचं, हा रंग हवा म्हणून, आणि कारखान्यानं टाकीभर रंग अगदी तसाच करून द्यायचा. यंत्र होतं, आकडे सांगायचं. पण यंत्र माणसाला दारापर्यंत आणून सोडतं, आत सोडत नाही. फिक्या रंगात तर यंत्र म्हणतं 'हद्दीत आहे' आणि गिऱ्हाईक म्हणतं 'वेगळा आहे', आणि बिल यंत्र भरत नाही. म्हणून शेवटचा निकाल डोळ्यांचा. त्या खोलीत एक काळी उघडी पेटी होती, आत तीन तऱ्हेचे दिवे: दिवसासारखा उजेड, ट्यूबलाइट आणि घरातला पिवळा दिवा. तिन्हीखाली दोन पट्ट्या एकसारख्या दिसल्या तरच रंग पास.

खोलीचे नियम बाईंनी घालून दिलेले. बाई म्हणजे खोलीच्या प्रमुख. आयुष्य याच पेटीपाशी गेलेलं, आणि महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. भडक कपडे घालून पेटीपाशी बसायचं नाही, सगळ्यांनी राखाडी कोट घालायचा. रंग ओला असताना मत द्यायचं नाही. रडून आलेल्यानं त्या दिवशी बसायचं नाही, कारण रडलेला डोळा लाल झालेला असतो आणि रंगाशी खोटं बोलतो. आणि सगळ्यांत मोठा नियम दुसऱ्या डोळ्याचा. रंग जुळवणारा, म्हणजे पहिला डोळा, आपला निकाल बोलून दाखवत नसे. पेटीशेजारी लाकडाचा एक छोटा ठोकळा असायचा, एका बाजूनं पांढरा, एका बाजूनं काळा. पास असेल तर पांढरी बाजू वर, नसेल तर काळी, आणि वर एक पत्र्याची डबी पालथी घालायची. मग दुसऱ्यानं येऊन बसायचं, पट्ट्या बघायच्या आणि होय की नाही ते मोठ्यानं सांगायचं. त्यानंतरच डबी उचलायची. तोवर खोलीत कोणी खाकरायचंही नाही.

पहिला डोळा बहुतेक वेळा मास्तर. त्यांनी कुठल्याच शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण येणाऱ्या प्रत्येकाला तेच शिकवायचे, म्हणून मास्तर. तिला त्यांनी 'नवी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. आल्या आल्या त्यांनी तिची चांगली खोड मोडली होती. पहिल्याच पट्टीला ती म्हणाली होती, "चालेल."

"काय?"

"चालेल, असं म्हटलं."

"चालेल? हा कुठला रंग? मी ऐकलेला नाही. डब्यावर काय लिहायचं, 'चालेल, दहा लिटर'?" मास्तर म्हणाले होते. "होय किंवा नाही. चालेल हे लग्नाच्या मुलाबद्दल म्हणतात."

त्या दिवशी पेटीत राखाडी होता. इस्पितळाच्या खाटांचा. जुन्या खाटा होत्याच, त्यांच्याच ओळीत नव्या मांडायच्या, म्हणून रंग तोच हवा होता. मास्तरांनी जुळवला, ठोकळा ठेवला, डबी घातली आणि मागे हात बांधून उभे राहिले. ती बसली. दिवसाच्या उजेडात पट्ट्या शेजारी शेजारी. तिनं पाहिलं. नव्या पट्टीत निळं होतं. फार नाही, थंडीत ओठ जसे अगदी किंचित बदलतात तेवढंच.

तिनं दिवा बदलला. पुन्हा पाहिलं. मास्तरांचा राखाडी चुकतो? निम्म्या कारखान्याला रंग बघायला शिकवलेला माणूस, आणि आपण काल आलेलो. शिवाय बाईंच्या जागेसाठी सगळे मास्तरांचंच नाव घेत होते. आणि तिला ती जागा हवी होती. ही गोष्ट तिनं स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. पण बाईंनी जागा जाहीर केल्यापासून तिला झोप लागत नव्हती, आणि माणसाची झोप उडते ती काही फुकट उडत नाही. आज 'नाही' म्हटलं तर लोक काय म्हणतील? आल्या आल्या मास्तरांचा पाय ओढते. आणि कदाचित आपलाच डोळा, जागेवर ठेवलेला डोळा, नसलेलं निळं बघत असेल.

"नवी, पट्टी आहे, भविष्य नाही. किती बघतेस?"

"चालेल," ती म्हणाली.

"पुन्हा चालेल!"

"होय."

डबी उचलली. पांढरा. राखाडी पास झाला आणि रंग डब्यांत भरायला गेला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या आईनं मशीनवरून मान न वळवता विचारलं, "सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"अगं, आत्ताच तर लागले. सगळे हसतील. अजून कँटीनमधल्या बाईलासुद्धा माझा चेहरा ओळखीचा नाही आणि मी प्रमुख व्हायला निघाले."

"त्या बाई काय म्हणाल्या होत्या, तेच सांग मला पुन्हा."

"पुढच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत. अर्जबिर्ज नको. ज्याला जागा हवी त्यानं खोलीत येऊन तोंडानं सांगायचं."

"नव्यानं सांगायचं नाही असं म्हणाल्या?"

"नाही."

"मग?"

"मास्तर आहेत ना. त्यांचा हक्क आहे."

आईनं पाय थांबवला. मशीन गप्प झालं. "हक्क त्यांचा असेल. मी त्यांचं विचारत नाहीये. तुला हवी आहे का?"

ती पायातल्या चपला काढून कोपऱ्यात नीट लावत बसली. त्या आधीच नीट लावलेल्या होत्या.

"तू लहान होतीस ना," आई म्हणाली, आणि आवाज जरा उतरला, "तेव्हा तू कधी काही मागितलं नाहीस. तुझे बाबा गेल्यानंतर तर अजिबातच नाही. दादा हट्ट करायचा, लोळण घ्यायचा दुकानात. तू हात धरून उभी. मी चारचौघांत सांगायचे, माझी पोर किती समजूतदार. केवढा अभिमान मला. आता भीती वाटते."

"भीती कसली त्यात?"

"मागायची सवयच लागली नाही तुला. मी तुझे डोळे बघून घ्यायचे सगळं. ते निळे बूट आठवतात? दुकानात काचेत ठेवलेले. किती वेळ बघत होतीस. मी बरोबर ओळखलं आणि घेऊन दिले. काय खूश झाली होतीस!"

तिला बूट आठवत होते. निळ्या बुटांच्या शेजारी लाल होते. ती लालांकडे बघत होती. आईनं खोकं उघडून निळे काढले तेव्हा आईचा चेहरा इतका उजळलेला होता की तिनं ते छातीशी धरले आणि वर्षभर, टाचा झिजेपर्यंत, घातले.

"आवडले होते ना?" आईनं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "खूप."

"बघ. मला कळतं. पण आता ती तुमची बाई तुझे डोळे बघत बसणार आहे का? एकदा तरी तोंडानं म्हण की मला हवं आहे. माझ्यासमोर म्हण. सराव म्हणून."

"आई, नाटक काय गं तुझं!"

"म्हण."

"बघू," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. आतून तिला मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं. जरा जास्तच जोरात, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. काकू पडद्याची चौकशी करायला गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आई मशीनपाशीच होती, कपाळ कापडावर टेकलेलं. डुलकी लागली असेल म्हणून काकूंनी आधी हाक मारली नाही. उभ्या राहिल्या. मग हाक मारली.

पुढचे दिवस माणसांचे होते. माणसं आली, बसली, बोलली, गेली. दादा दूरच्या शहरातून आला, वहिनी आली, सगळं रीतसर उरकलं. ती सगळ्यांना चहा देत होती, कागदांवर सह्या करत होती, आणि तिला रडू येत नव्हतं. "किती धीराची," लोक म्हणाले. समजूतदारचंच हे मोठेपणीचं नाव, असं तिच्या मनात आलं.

निघायच्या आदल्या दिवशी दादा तिच्यासमोर बसला. तो माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट मिटवून टाकायची घाई असायची.

"आईनं मला फोनवर सांगितलं होतं, तुझ्या त्या जागेचं," तो म्हणाला. "हे बघ, आता त्या भानगडीत पडू नकोस. नोकरी नवी, वर हे असं झालं. आधी पाय रोव. जागा काय, पुन्हा निघेल."

"बाईंची जागा पुन्हा निघायला मास्तर निवृत्त व्हायला हवेत."

"मग होतील की. कोण कायमचं राहतं?" म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन चहाचा कप उचलला.

"बघू," ती म्हणाली. ते तोंडातून गेलं आणि तिनं नकळत खिडकीकडे पाहिलं. मशीनखाली पडदा अर्धा शिवलेला तसाच होता. सुईत दोरा तसाच होता. डाव्या रिळाचा.

ती कामावर परतली तो दिवस शुक्रवारच होता. घरी राहायची सवलत होती, पण घरात सकाळ कुणाच्या टोमण्याशिवाय सुरू झाली आणि तिला ते सोसेना. बसमध्ये ती ठरवत होती. सांगायचं नाही. आत्ताच तर लागलेय. आई गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात बढती मागणारी बाई, कसं दिसतं ते? मग दोन थांबे गेले की वाटायचं, सांगायचं. आईनं सांगितलं होतं. आणि लगेच ते नकोसं व्हायचं, कारण आईनं सांगितलं म्हणून सांगणं म्हणजे पुन्हा आईनंच निळे बूट काढून देणं.

खोलीत सगळे तिच्याशी हळू बोलले. मास्तरांनी खुर्ची पुढे केली. "बस, नवी. जेवलीस का? घरी कोणी आहे का?" त्यांचा आवाज खरा होता. तिला तो आवडला आणि म्हणूनच जड गेला. मास्तर चष्मा काढून पुसत होते. अलीकडे ते तो वारंवार पुसायचे.

"बसवत नसेल तर राहू दे आज," ते म्हणाले. "पण दुसरा डोळा नाही माझ्याकडे. खोलीतला दुसरा पोरगा रजेवर आहे आणि बाई हिशेबात अडकल्यात. राखाडीची दुसरी बॅच आहे. खाटांची. ट्रक संध्याकाळी निघतो, पहिली बॅच आणि ही, एकदमच."

"पहिली अजून गेली नाही?"

"गोदामात आहे."

पट्टी वाळली होती. मास्तरांनी ठोकळा ठेवला, डबी घातली आणि मागे हात बांधले. भिंतीवरच्या घड्याळात जेवणाच्या सुट्टीला फार वेळ उरला नव्हता.

ती बसली. दिवसाचा उजेड. दोन पट्ट्या.

या वेळी बघायला वेळ लागला नाही. निळं समोरच होतं, मागच्यापेक्षा जास्त. तिनं डोळे बाजूला नेले, हाताच्या तळव्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. ट्यूबलाइट. निळं. पिवळा दिवा लावला तर तिथं ते बुजलं, पण जुनी पट्टी ऊबदार झाली आणि नवी तशीच मख्ख राहिली. आणि मग तिला ते एकदम कळलं, कोणीतरी कानात सांगावं तसं. मास्तरांचा डोळा म्हातारा होत होता. म्हाताऱ्या डोळ्याच्या भिंगावर पिवळी झाक चढते आणि ती निळं खाते. त्यांना निळ्याचा थेंब दिसत नव्हता, म्हणून ते तो दिसेपर्यंत टाकत होते.

कोणी खाकरलं नाही.

होय म्हटलं तर ट्रक जाईल. इस्पितळात खाटा ओळीनं लागतील आणि नव्या खाटा दुरूनसुद्धा परक्या दिसतील, आणि माल परत येईल, पण तोवर मास्तर बाईंच्या खुर्चीत बसलेले असतील आणि कोणाचा डोळा चुकला हे कुणी विचारणार नाही. नाही म्हटलं तर आत्ताच, आजच, सुट्टीच्या आधी. किंवा तिसरी वाट होती, तीच तिच्या पायाखालची: नाही म्हणायचं, आणि जागेचं तोंडातून काढायचंच नाही. मग कोणाला बोलायला जागा उरणार नाही. ती चांगली ठरेल. समजूतदार.

"नवी?"

"नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी डबी उचलली. पांढरा.

मास्तरांनी डबी पेटीच्या कडेला ठेवली.

"काय दिसतंय?"

"निळा जास्त आहे."

मास्तरांनी दोन्ही पट्ट्या उचलल्या आणि खिडकीशी नेल्या. आधी चष्मा लावून पाहिल्या, मग चष्मा काढून. पट्ट्या वर केल्या, खाली केल्या, अदलाबदल केली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बंद झाला होता.

"मला दिसत नाही."

तिनं पेटीत पुन्हा दिवसाचा दिवा लावला.

"नवी, रागवू नकोस. तू आज बसायलाच नको होतंस. माझी चूक झाली. नियम आहे तो. रडलेल्या डोळ्यानं रंग बघू नये."

"मी रडलेले नाही, मास्तर."

"अगं, आई गेली तुझी."

"हो. पण मी अजून रडलेले नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, खरंच डोळ्यांत पाहिलं, पट्टीकडे बघावं तसं. तिचे डोळे पांढरेच होते, लाल नव्हते. मग त्यांना ते शब्द सुचले, जे ती बसमध्ये बसल्यापासून ऐकत होती.

"मग काय, जागेचं आहे का हे? आज शुक्रवार आहे म्हणून? तसं असेल तर तोंडावर सांग. मी जुना माणूस आहे, मागून केलेलं मला कळतं."

पट्टी पुसायचा कापसाचा बोळा तिनं खाली ठेवला. 'छे हो, जागेचं काय' हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, लहानपणापासून घडी घालून ठेवलेलं.

"जागा मला हवी आहे," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, फक्त जरा बसका. "आणि हा राखाडी निळा आहे. दोन्ही खरं आहे, मास्तर. एकामुळे दुसरं नाही. मी चुकत असेन तर तिसरा डोळा बोलवा."

दोघांचं जमलं नाही तर तिसरा डोळा म्हणजे बाई. मास्तर स्वतः गेले बोलवायला. बाई आल्या, चष्मा कपाळावर, हातात पेन. कोणी काही सांगितलं नाही, नियमच तसा. ठोकळा मास्तरांनी पुन्हा डबीखाली ठेवला होता. बाई बसल्या, एक दिवा, दुसरा दिवा.

"नाही," बाई म्हणाल्या. "निळसर आहे. आणि चांगलाच आहे, हे काय मास्तर, हे तर—" मग त्यांनी डबी उचलली, पांढरा पाहिला, आणि उरलेलं वाक्य गिळलं. उठल्या. "ट्रक थांबवते," एवढं म्हणून आपल्या खोलीत गेल्या.

मास्तर स्टुलावर बसले.

"कधीपासून दिसतंय तुला?"

"पहिल्या बॅचपासून. तीही बघावी लागेल."

"तिला तू होय म्हणाली होतीस."

"हो."

"का?"

"तुम्ही मला शिकवलंत म्हणून."

"मी तुला होय म्हणायला शिकवलं होतं का?" मास्तर ओरडले. खोलीत पहिल्यांदाच ते ओरडले असतील. मग चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसू लागले, बराच वेळ, जणू डाग काचेवरच आहे. "घरी नातीचा फ्रॉक हिरवा म्हटला मी परवा. ती म्हणते आजोबा, निळा आहे. मला वाटलं पोर चेष्टा करते."

तिला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. तिनं ठेवला नाही. मास्तरांना ते चाललं नसतं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा," ती म्हणाली. "भिंग बदलतात हल्ली."

"आता डॉक्टरीणही झालीस." मास्तरांनी चष्मा चढवला आणि घड्याळाकडे पाहिलं. "मी परवाच सांगून आलोय बाईंना. मला हवी आहे म्हणून. माघार घेणार नाही, समजलं? तुझ्यासाठी तर नाहीच."

"घेऊ नका."

"मग इथं काय करतेस? बाईंनी जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं की त्या कोणाचं ऐकत नाहीत."

बाईंच्या खोलीचं दार बंद होतं. तिनं वाजवलं. आत बाई फोनवर ट्रकवाल्याशी भांडत होत्या. डबा टेबलावर होता, झाकण अजून लागलेलं. बाईंनी फोन ठेवला आणि भुवया वर केल्या. डोळे बघून काही ओळखायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. नुसत्या थांबल्या, पेटीपाशी थांबतात तशा.

"तुमच्या जागेचं," ती म्हणाली. "मला हवी आहे."

"आत्ताच तर लागलीस."

"हो."

"पहिल्या बॅचची पट्टी आत्ता काढून बघितली, तीही निळी. दोन बॅच वाया गेल्या आज. त्यातली एक तू होय म्हटलेली."

"हो. ते मला माहीत आहे. पुन्हा होणार नाही असं नाही सांगत. पण दिसलं तर सांगेन."

"मास्तरांना ठाऊक आहे, तू आलीस ते?"

"आधी त्यांनाच सांगितलं."

बाईंनी मान हलवली. ती होय नव्हती आणि नाहीही नव्हती. "दोन नावं झाली मग. सोमवारी वरच्यांशी बोलते. ते काय करतील ते करतील." आणि डब्याचं झाकण उघडलं.

संध्याकाळी ती घरी आली. चपला काढल्या, आणि नीट न लावता तशाच सोडल्या. खिडकीतून दिवसाचा शेवटचा उजेड मशीनवर पडला होता, पडद्याच्या अर्ध्या शिवलेल्या कडेवर, सुईतल्या दोऱ्यावर. त्या उजेडात दोरा आणि कापड वेगळं काढता येत नव्हतं. काकूंनी दोनदा निरोप दिला होता, पडदा तसाच दे, घाई नाही.

ती आईच्या खुर्चीवर बसली नाही. शेजारी स्टूल ओढलं, पूर्वी गुंड्या लावायला बसायची तिथं.

"सांगून आले," ती म्हणाली. घरात कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं. "दोघांना. मास्तरांना आधी."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती थांबली. दुसऱ्या डोळ्यानं बघून झालं की बोलावं लागतं, आणि तिचं तर बघून झालेलं होतं, खूप वर्षांपूर्वी, एका काचेसमोर, आईचा हात धरून.

"आणि आई," ती म्हणाली, "ते बूट. मला लाल हवे होते."